धूरमुक्त घरातलं पहिलं बाळ

“लेकीला तिथे नेऊ नकोस गं. सत्कार म्हटला की फटाके आलेच,” असं प्रमोदिनीताईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. त्या आमच्या शेजारी. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. माझ्या मैथिलीची छाती वाजायला लागली की कधी कधी माझ्या आधी त्यांना भिंतीपलीकडून कळतं. मी हसले. म्हटलं, “ताई, हवेवरच्या संशोधनाचा सत्कार आहे. तिथे धूर कोण करणार?”

“महाड आहे हे,” त्या म्हणाल्या. “इथे म्हैस व्यायली तरी माळ लावतील.”

मी मैथिलीला नेलं.

सत्कार डॉक्टर रुचिर देवस्थळींचा होता. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, विज्ञानाचे. वातावरण आणि मानवकल्याण या विषयावरच्या संशोधनाला मुंबईतलं एक प्रतिष्ठान पुरस्कार देतं, तो यंदा त्यांना मिळाला होता. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर धनगरांच्या वाड्या आहेत. एकाच छपराखाली माणसं आणि म्हशी, भिंतीला खिडकी नाही, आणि आत तीन दगडांची चूल. त्या घरांतला धूर बायकापोरांच्या छातीत किती जातो हे डॉक्टरांनी मोजलं. मग पाइप लावलेली बिनधुराची चूल घरोघरी बसवून दिली आणि पुन्हा मोजलं. मोजायला एक पेटी होती. ती हवा आत ओढायची आणि आतल्या गोल कागदावर काजळी धरायची. चुलीआधीचा कागद डांबरासारखा काळा, चुलीनंतरचा दुधासारखा पांढरा. ते दोन कागद शेजारी शेजारी काचेच्या फ्रेममध्ये बसवून व्यासपीठावर मांडले होते. पुरस्कार खरं तर त्या पांढऱ्या कागदालाच होता.

मलाही तो कागद आवडला होता. ज्या घरात पोरगी धाप लागली की उशीला टेकून बसते आणि आई तिच्या बरगड्या बघत बसते, त्या घरात असा कागद कुणाला आवडणार नाही?

कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या होत्या, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं होतं. माझा नवरा आमोद शाळेत विज्ञान शिकवतो. तो मैथिलीला घेऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. मी मानपत्राची घडी हातात घेऊन व्यासपीठामागच्या खोलीत गेले.

तिथे मोडक्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीतलं थर्माकोलचं मखर पडलं होतं. मखराच्या आडोशाला जमिनीवर दोन बायका बसल्या होत्या. त्या वाडीवरून आलेल्या साळूबाई आणि त्यांची सून संजीवनी. संजीवनीच्या मांडीवर नुकतं मान धरायला लागलेलं बाळ, आणि बाळाच्या पोटावर कुणीतरी ठेवून गेलेला प्लॅस्टिकच्या कागदातला गुच्छ. बाळाचं नाव किरण. पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव नव्हतं. तिथे छापलं होतं, ‘धूरमुक्त घरातलं पहिलं बाळ पाहुण्यांना पुष्पगुच्छ देईल’.

“आजी, चहापाणी दिलं का कुणी?”

“दिऊ म्हणाला एक जण. गेला तो गेला,” साळूबाई म्हणाल्या. “लग्नघरात बी जास्त इचारत्यात.”

मी गुच्छ उचलून बाजूला ठेवला. बाळ खोकलं. कोरडं नाही, आत काहीतरी घोळत असल्यासारखं.

“कधीपासून खोकतोय?”

“सर्दी हाय त्याला,” संजीवनी म्हणाली.

“ट्रॅक्स गाडीमदी पुढं बसली, वारा लागला,” साळूबाई म्हणाल्या. “टोपरं घाल म्हणून सांगितलं हिला. पन शिकलेली ना. सातवी!”

“टोपरं घातलंय. डोळं उघडून बगा.”

“ते टोपरं हाय? मला वाटलं वाटीवरचं फडकं.”

दोघी हसल्या. मग साळूबाईंनी पडद्याच्या फटीतून व्यासपीठाकडे बोट केलं. “त्यो बग गो बाय, त्यो पांढरा आमच्या घरचा. देवासारखा जपला व्हता.”

“जपला म्हणजे?”

“म्हंजे काय? दुसऱ्याची ठेव ती. सायेब म्हणाले, पेटी चुलीवर टांगून ठेवा. चुलीवर! काळीठिक्कर हुईल की. लोकाची वस्तू काळी करून परत दिऊ? आमचं घराणं तसलं नाय. सायबांची पाठ फिरली तशी आमच्या सख्यानं, हिच्या दादल्यानं, पेटी उतरवली, हिच्या लग्नातल्या शालीत गुंडाळली, आन् पडवीत देवापाशी ठेवली.”

“लाल शाल,” संजीवनी म्हणाली. “मी अजून अंगाला लावली नव्हती. आदी पेटीनं पांगरली.”

“पेटी घरात हाय तवर चूल पेटवली नाय आमी. खालच्या अंगाला ठमाबाईकडं जेवलो. म्हशींना धूर दिला नाय, गोमाश्यांनी फोडून खाल्ल्या बिचाऱ्या. देवाला उदबत्ती बी नाय लावली. म्हटलं, देव समजून घेल, पेटी नाय समजायची.”

मी खाली बसले. “सगळ्या घरांत असंच?”

“मंग! एकानं चांगली परत द्यायची आन् दुसऱ्यानं घाण, आसं कसं? वाडीची लाज हाय.”

“आणि तो काळा कागद?”

साळूबाईंचा चेहरा पडला. “त्याचं नको बोलू. तवा सायबाचा माणूस पेटीपाशी ठाण मांडून बसला व्हता. त्याच्यासमोर कशी उतरवायची? पेटी नासली ती आमच्याच घरात. म्हणून तर दुसऱ्या खेपेला जपली.”

नवी चूल कशी आहे, हे मी विचारलं तेव्हा संजीवनीने उत्तर दिलं. चूल बरी आहे. पण पाइपातून पावसाचं पाणी आत येतं आणि एकदा साप उतरला, म्हणून सख्याने पाइपात गोणपाट कोंबलंय. शिवाय म्हशींचं आंबोण आणि अंघोळीचं पाणी जुन्याच दगडांवर. बाळाला शेक द्यायला शेगडी असते ती वेगळी. बाळ कुठे झोपतं? “कुठं म्हंजे? चुलीपाशी. थंडी बाधल नायतर.”

तेवढ्यात डॉक्टर आत आले. सिल्कचा झब्बा, कानात अत्तराचा फाया. “वहिनी, तयार? पाहुणे पाली फाट्यावर आलेत.”

पाली फाटा म्हणजे अजून वेळ होता. मी त्यांना मखरामागे नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या पायाखालची जमीन सरकेल. माझीच सरकली होती. पण ते ऐकता ऐकताच हसायला लागले.

“शाल ना? माहितीये. लाल धागे चिकटलेले असायचे कागदांना. आम्ही चिमट्याने एकेक काढलाय. किती गोड माणसं आहेत हो ही!”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“वहिनी, चूल चांगली आहे. तत्त्वतः धूर बाहेर जातो. कागद काय, उद्या नीट लावला तरी साधारण हेच दाखवेल.”

“पाइपात गोणपाट आहे.”

“मानपत्र तुम्ही वाचा,” ते म्हणाले, आणि माझ्या हातातली घडी दोन बोटांनी सरळ केली. “कागद मी वाचतो.”

तो माणूस चिमटा घेऊन बसलाय, त्या मुलीच्या लग्नातल्या शालीचा धागा न् धागा उपटतोय आणि कागद पांढरा करतोय, हे मला दिसलं. त्यानंतर त्यांच्या अत्तराचा वासही सोसवेना.

कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर पडद्यावर वाडीची चित्रं दाखवणार होते, म्हणून सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड मारलं होतं. व्यासपीठावर समईशेजारी उदबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवून केळ्यात खोचलेला. संजीवनीला मधल्या खुर्चीत बसवलं, बाळाच्या हातात गुच्छाची दांडी धरवून. साळूबाई शेजारी, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खुर्चीवरच मांडी घालून.

आणि पाहुण्यांची गाडी आली. स्वागत समितीचे अध्यक्ष महिपतशेठ आधीच म्हणाले होते की स्वागत महाडच्या इतमामाला शोभेल असं होईल. त्यांच्या माणसांनी सभागृहाच्या दाराशीच माळ लावली, जमिनीवर रस्त्यापासून पायरीपर्यंत पसरलेली. ती संपते न संपते तोच दुसरी. धूर दारातून आत आला, पंख्यांनी तो वर ओढला आणि सगळीकडे वाटून दिला. मग आवाजाने भाषण ऐकू येणार नाही म्हणून कुणीतरी दारं लावून घेतली.

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आमोदने मैथिलीला केव्हाच उचललं होतं. ओढणीने तिचं नाक झाकून तो बाजूच्या दाराने बाहेर पडत होता. माझा जीव भांड्यात पडला. माझं मूल सुटलं.

पाहुणे बोलायला उभे राहिले. “शुद्ध हवा हा मानवाचा पहिला हक्क आहे,” ते म्हणाले आणि खोकले. लोकांनी रुमाल नाकाला लावले होते. एक हात अडकलेला, म्हणून टाळ्या मांडीवर वाजल्या. कुणालाही हसू आलं नाही. पहिल्या रांगेतल्या बायका पदरातून एकमेकींना जेवणात काय आहे ते विचारत होत्या. माईकजवळ उभी राहून मी सगळ्यांची तोंडं बघत होते, आणि मला त्या सगळ्या तोंडांची शिसारी येत होती.

मग मी बाळाकडे बघितलं.

दोन बटणं निघालेलं झबलं, आणि त्याच्या फटीत छातीखालचा खळगा. श्वास घेताना तो आत जात होता. नुसता हलत नव्हता, आत ओढला जात होता, बोटाने दाबल्यासारखा. नाकपुड्या फुललेल्या. खोकला थांबला होता. न बघणाऱ्याला वाटेल, बाळ शांत झालं. ज्या बाईने स्वतःच्या लेकराचे श्वास मोजलेत तिला कळतं की खोकायचं बळ संपलंय.

मी डॉक्टरांकडे वाकले. “बाळाला बाहेर न्यायला हवं. त्याला श्वास लागलाय.”

“फोटोग्राफर रोल बदलतोय. झालाच.”

“आत्ता न्यायला हवं.”

“वहिनी,” ते ओठ न हलवता म्हणाले, समोर बघून हसतच, “धूरमुक्त बाळ धाप लागून उठून गेलं, असं दिसायला नको. गुच्छ देऊ दे, मग न्या.”

मी संजीवनीकडे गेले. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं, पण तिला कुणीतरी खुर्चीतून उठायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. साळूबाई माझा हात धरून पुटपुटल्या, “बस गो, सायबांचा मान हाय. आमी आलोय कशाला?”

महिपतशेठ मागून म्हणाले, “ताई, मानपत्र! पाहुण्यांना परत मुंबई गाठायचीय.”

मानपत्र मी खुर्चीवर ठेवलं. गुच्छ समईशेजारी ठेवला. आणि संजीवनीचं मनगट धरून तिला उठवलं. माईक चालू होता, त्यामुळे माझं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं म्हणे: “चल बाई, इथे मरेल हे.” मी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. मागून महिपतशेठचा आवाज आला, “मातृहृदय आहे, मातृहृदय!” आणि मांड्यांवर टाळ्या वाजल्या.

बाजूच्या दाराबाहेर आमोद मैथिलीला कडेवर घेऊन उभा होता. त्याने लगेच रिक्षा थांबवली. साळूबाई मागून पळत आल्या, एका पायात चप्पल, शिव्या देत. मला, सुनेला, मग रिक्षात बाळाचे ओठ बघितल्यावर देवाला.

मैथिलीचे बालरोगतज्ज्ञ ओळखीचे. त्यांनी बाळ हातात घेतलं आणि तसंच आत नेलं. नाकाला नळी, तोंडावर वाफेचा मुखवटा, पायाला सुई. संजीवनी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला पाणी दिलं. सकाळपासूनचं पहिलं पाणी होतं ते, तिने तीन ग्लास प्यायले आणि मग रडली. बऱ्याच वेळाने तो खळगा उथळ व्हायला लागला. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, “घरात धूर असतो का?” आणि संजीवनी मला विचारल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, “नाय ना? आमचं धूरमुक्त हाय.”

देवस्थळी आले ते जेवणं आटोपून. हातात कागदात गुंडाळलेला बटाटेवडा, चटणी बोटाला लागलेली ती चाटत. मागे फोटोग्राफर. वडा त्यांनी साळूबाईंच्या हातात दिला. मग सत्कारात मिळालेली शाल खांद्यावरून काढून त्यांनी बाळाच्या अंगावर पसरली, नळीसकट, आणि पलंगापाशी वाकले. फोटोग्राफरने फ्लॅश उडवला. बाळ दचकलं.

मी बाहेर जाऊन मोरीत ओकले. खरंच ओकले, लिहायचं म्हणून लिहीत नाही.

परत आले तेव्हा ते निघत होते. मी त्यांना व्हरांड्यात अडवलं.

“पेटी पुन्हा वर लावाल? कुणीतरी शेजारी बसून, नीट?”

“प्रकल्प संपला वहिनी.”

“मग निदान पाइपाला वर टोपी बसवून द्या. पाणी आत येणार नाही अशी. गोणपाट तरी निघेल.”

“ती वाडी आता धूरमुक्त म्हणून नोंदली गेलीय,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आजारी माणसाशी बोलतात तसं. “तिथे आता आरोग्याची माणसंही जायची नाहीत, गरज नाही म्हणून. पुढच्या खोऱ्यात काम आहे. आणि बाहेर कुणी विचारलं तर सर्दी म्हणा हं. प्रवासात वारा लागला.”

ते गेल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. आमोदने प्रतिष्ठानला सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. महिपतशेठच्या दुकानात मी सामान घ्यायला जाते तेव्हा ते म्हणतात, “काय मातृहृदय!” फोटो स्थानिक पेपरात छापून आला. खाली लिहिलंय, ‘धूरमुक्त बाळाला शास्त्रज्ञाची मायेची ऊब’. नळी शालीखाली झाकली गेलीय.

बाळ बरं होऊन वर गेलं. मी संजीवनीला पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे राहा म्हटलं होतं. पण सखा न्यायला आला. म्हैस व्यायला झाली होती आणि आधीच वाडीवर परतलेल्या साळूबाई एकट्या. निघताना बालरोगतज्ज्ञांनी बजावलं, बाळाला धुरापासून लांब ठेवायचं, पुन्हा असं झालं तर वेळ मिळेलच असं नाही. तिने मान डोलावली. मग जिना उतरताना मला हळूच विचारलं, “ताई, मंग चूल कुठं पेटवू? बाहेर पाऊस, आत म्हशी.” मी म्हटलं, गोणपाट काढ, बाळाला पडवीत झोपव, शेगडी बंद कर. बोलताना मलाच माझी लाज वाटत होती. पक्क्या घरात राहणारी, गॅसवर रांधणारी मी तिला हे सांगत होते.

आता पाऊस कोसळतोय. आंबेनळीत दरड आली, एसटी बंद झाली, मग पुन्हा सुरू झाली. वाडीत फोन नाही. खाली रस्त्यावरच्या चहावाल्याकडे मी दोनदा निरोप ठेवला, पण सखा दूध घालायला उतरला नाही म्हणतात. मैथिलीची छाती पुन्हा वाजतेय, तिला टाकून मला डोंगर चढता येत नाही, आणि आमोद एकदा निघाला तो ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या साकवापासून परत आला. गोणपाट पाइपात परत गेलं असणार. या पावसात मीही कोंबलं असतं.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी पोलादपुराहून महाबळेश्वरला जाणार असेल, तर धबधब्यापाशी फोटो काढायला थांबता तेवढाच वेळ मला द्या. घाट अर्ध्यावर आला की डाव्या हाताला चहाची टपरी आहे, तिथे सखा धनगराचं घर विचारा. वाट चढणीची आहे, पण गुरांनी मळलेली आहे. जाताना हातात काहीही नेऊ नका, नाहीतर ते जपून ठेवण्यात घर गुंतून जाईल. साळूबाई तुम्हाला पडवीत बसवतील, घोंगडी अंथरतील, आमचं बेस हाय म्हणतील. तुम्ही आत जा. संजीवनीला विचारा, किरण कुठे आहे. झोपलाय म्हणाली, तरी त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून तो श्वास कसा घेतोय ते बघा.